धूर चुलीच्या तोंडातून येतो, दोष बहुधा दुसरीकडे असतो

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. मुळशी तालुक्यातल्या घरात आपण दोन वर्षांपूर्वी वैलासह, म्हणजे दुसरे भांडे ठेवायच्या जोडभोकासह, चूल बांधून घेतली. तिला चार इंची पत्र्याचे धुरांडे आहे, न्हाणीघरात पाणी तापवायचा आजोबांच्या काळचा तांब्याचा बंब आहे, आणि सरपण आवारातल्याच सुबाभळीचे व आंब्याचे आहे. तरीही नोव्हेंबरपासून चूल पेटवली की धूर स्वयंपाकघरात माघारी येतो, धुरांड्याच्या सांध्यातून काळे चिकट पाणी भिंतीवर ओघळते आणि लाकूड पुरता पुरत नाही. शेवटी आपण असेही विचारले आहे की, थंडीत चुलीतले उरलेले निखारे घमेल्यात काढून रात्री झोपण्याच्या खोलीत ठेवले तर चालतील का. मी गेली सव्वीस वर्षे पुणे आणि आसपासच्या तालुक्यांत चुली बांधण्याचे आणि धुरांडी साफ करण्याचे काम करतो. त्या अनुभवावरून आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत आधी देतो: चालणार नाहीत, एका रात्रीपुरतेही नाहीत.

निखारे धूर देत नाहीत, म्हणून ते निरुपद्रवी वाटतात. प्रत्यक्षात धूर संपल्यानंतरच्या त्या शांत अवस्थेतच कार्बन मोनॉक्साइड भरपूर निघत असतो. या वायूला रंग नाही, वास नाही, त्याने डोळेही चुरचुरत नाहीत. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो, आणि झोपलेल्या माणसाला जाग येण्याऐवजी अधिकच गुंगी येते. मी या धंद्यात नवा असताना डिसेंबरातल्या एका रात्री आईच्या खोलीत शेगडी ठेवून दार लोटून घेतले होते. पहाटे ती उठली तेव्हा तिचे डोके ठणकत होते, मळमळत होते आणि भिंत धरल्याशिवाय पाऊल टाकता येत नव्हते. अंगणात आणून बसवल्यावर तासाभराने तिला बरे वाटले, आणि मी तिला डॉक्टरकडे नेले नाही, ही माझी त्या दिवसाची दुसरी चूक. उसाच्या पाचटापासून केलेल्या कोळशाच्या कांड्या पुण्यात मिळतात, त्यांना धूर जवळजवळ नसतो आणि चांगल्या शेगडीत त्या उत्तम जळतात. परंतु बंद खोलीत त्याही तितक्याच घातक आहेत. चूल किंवा बंब ज्या घरात रोज पेटतो तिथे कार्बन मोनॉक्साइडचा बॅटरीवर चालणारा अलार्म लावावा, असे मी हल्ली प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो. निम्मे लोक हसतात, निम्मे लावतात.

आता धुराकडे वळू. बहुतेक घरांत चूल धुपायला लागली की तिचे तोंड लहान करतात, थाने (भांडे टेकवायचे उंचवटे) उंच करतात, चूल फोडून नवी घालतात, म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा प्रकार होतो. चुलीत दोष क्वचित असतो. सरपण, हवेची वाट आणि धुरांड्याचे तापमान या तिन्हींपैकी एकात, आणि आपल्या वर्णनावरून तिन्हींमध्ये, तो असावा.

लाकूड स्वतः ज्योतीने जळत नाही, ही गोष्ट एकदा मनात पक्की बसली की पुढचे सारे सोपे होते. लाकूड तापले की साधारण दोनशे-तीनशे अंशांपासून त्यातून ज्वलनशील वायू सुटू लागतो. कोरड्या लाकडाच्या वजनाचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग असा वायूरूपाने निघून जातो आणि उरलेल्याचा कोळसा होतो. आपण जिला ज्योत म्हणतो ती या वायूची. वायू पूर्ण जळायला सहाशे अंशांच्या आसपासची उष्णता, पुरेशी हवा आणि दोघांना मिसळायला थोडी जागा लागते. यांतले काही कमी पडले की वायू तसाच न जळता बाहेर पडतो, आणि आपण त्याला धूर म्हणतो. डोळ्यांत जातो तो धूर म्हणजे वाया गेलेले सरपण आहे. तोच थंड धुरांड्यात चिकटला की त्याचे डांबर होते. आपल्या भिंतीवरचे काळे पाणी ते हेच.

ताज्या तोडलेल्या लाकडात वजनाच्या निम्मे पाणी असू शकते. एक किलो ओले लाकूड चुलीत घातले तर अर्धा किलो पाणी आधी उकळून वाफ करावे लागते आणि ते होईपर्यंत चूल तापतच नाही. चांगल्या वाळलेल्या, म्हणजे वीस टक्क्यांपर्यंत ओल असलेल्या एका किलोतून सुमारे १५ मेगाज्यूल उष्णता मिळते. निम्मे पाणी असलेल्या किलोतून जेमतेम आठ. नुकसान त्याहून मोठे असते, कारण ओले लाकूड धुमसते आणि त्या आठांपैकीही बराच भाग धुराच्या रूपाने वर जातो. वखारीतून सरपण वजनावर घेत असाल तर आपण पाण्याचेही पैसे मोजता, हे वेगळे सांगायला नको. मी स्वतः एकदा एका वखारवाल्याच्या ‘एकदम सुकं आहे, साहेब’ या शब्दावर टेम्पोभर बाभूळ उतरवून घेतली आणि दीड महिना शेडमध्ये ठेवल्यावर नमुन्याचे एक ओंडके तोलले, तर त्याचा जवळजवळ चौथा हिस्सा वजन उडून गेलेले होते.

लाकूड वाळले की नाही हे ओळखायला यंत्र असलेच पाहिजे असे नाही. दोन ढलप्या एकमेकींवर आपटल्या तर सुक्याचा आवाज टणक आणि खणखणीत येतो, ओल्याचा बद्द. सुक्याच्या टोकाला मध्यातून बाहेर जाणाऱ्या भेगा असतात आणि साल नखाने सुटते. खात्री हवी असेल तर स्वयंपाकघरातला वजनकाटा घ्यावा: ओळखीची खूण केलेली दोन-तीन ओंडकी दर रविवारी तोलावीत, आणि लागोपाठ दोन आठवडे वजन उतरले नाही की तो ढीग जाळायला योग्य समजावा. ओलमापक असलाच तर त्याच्या सुया सालीत किंवा जुन्या टोकात न रोवता ओंडके मधोमध फोडून ताज्या पृष्ठभागावर टेकवाव्यात, कारण बाहेरून कोरडे आणि आतून ओले असणे हा लाकडाचा स्वभावच आहे.

आपल्या भागाचे पंचांग यात महत्त्वाचे आहे. मुळशीचा पाऊस पुण्याच्या पावसासारखा नाही. तिथे जूनपासून सप्टेंबरअखेरपर्यंत हवाच इतकी दमट असते की वाळलेले लाकूडही ओल परत घेते. म्हणून तोड आणि फोड दिवाळीनंतर ते फार तर फेब्रुवारीपर्यंत उरकावी, लाकूड मनगटाएवढ्या जाडीचे फोडावे (अख्खा गोल ओंडका सालीमुळे वर्ष वर्ष वाळत नाही), आणि मार्च ते मे हे तीन महिने त्याला ऊन आणि वारा दोन्ही मिळू द्यावेत. रचताना खाली विटा किंवा दोन बल्ल्या टाकून जमिनीपासून वीतभर उचलावे, डोक्यावर पत्रा असावा आणि बाजू मात्र उघड्या असाव्यात. प्लॅस्टिकच्या ताडपत्रीत पूर्ण गुंडाळलेला ढीग पावसाने भिजत नाही, पण आतल्या घामाने कुजतो आणि विंचवांना घर मिळते. आपण लिहिता की सुबाभूळ सप्टेंबरात तोडली आणि नोव्हेंबरात जाळायला काढली. तक्रारीचे मूळ बहुतांशी या एका वाक्यात आहे. या हंगामापुरते बाहेरून सुके सरपण घ्यावे, सुबाभूळ पुढच्या वर्षासाठी रचून ठेवावी.

काय जाळू नये, हे थोडक्यात सांगतो. जुन्या बाजारातून आणलेली रंगवलेली दारे-खिडक्या, प्लायवूड आणि त्याच्या पट्ट्या, डांबर पाजलेले रेल्वेचे लाकडी स्लीपर हे चुलीत घालू नयेत. जुन्या रंगात शिसे असू शकते आणि प्लायच्या डिंकातून विषारी वायू निघतो. कण्हेरीची फांदी चुकूनही सरपणात येऊ देऊ नये, तिचा धूरही विषारी असतो. आणि चूल लवकर पेटावी म्हणून दुधाची पिशवी किंवा टायरचा तुकडा घालण्याची सवय घराघरांत आहे, ती मोडावी. रॉकेल ओतणे तर आणखी वाईट. पेटत्या चुलीवर रॉकेल ओतून भाजलेली माणसे मी पाहिली आहेत.

आता पेटवण्याची रीत. धुरांडे थंड असताना त्यातली थंड, जड हवा बुचासारखी बसलेली असते आणि चुलीतला पहिला धूर तिला ढकलू शकत नाही. म्हणून चुलीत काडी लावण्याआधी वर्तमानपत्राचा एक बोळा वैलाच्या भोकातून धुरांड्याच्या बुडाशी धरून पेटवावा. अर्ध्या मिनिटात वर ओढल्याचा घुमणारा आवाज येतो, तो आला की चूल पेटवावी. पहिली दहा मिनिटे फक्त काटक्या, करवंट्या आणि बोटाएवढ्या ढलप्या वापराव्यात आणि ज्योत स्वच्छ पिवळी झाल्यावर जाड लाकूड लावावे. लाकडाचे फक्त टोक आगीत असावे आणि जळेल तसे ते आत सरकवावे. चुलीचे तोंड निम्म्याहून अधिक लाकडांनी भरले की हवेला वाटच उरत नाही. तोंड ठासून भरायचे आणि मग फुंकणीने डोळे लाल होईपर्यंत फुंकत बसायचे, हा व्यायाम बंद होईल. लाकडे खालून उचलून धरणारी लोखंडी जाळी असेल तर हवा निखाऱ्यांच्या तळातून येते आणि फरक पहिल्याच दिवशी दिसतो. मात्र जाळीखालची राख रोज काढली पाहिजे, नाहीतर जाळी असून नसल्यासारखी.

वैलावर भांडे नसेल तेव्हा त्यावर झाकण हवेच. उघड्या वैलातून थंड हवा थेट धुरांड्यात शिरते, मग मुख्य चुलीची ओढ तुटते आणि धूर तोंडातून पुढे येतो. आपल्याकडे बसक्या बुडाचे स्टीलचे पातेले वापरत असाल तर चुलीच्या थानांवर ते किती उंच राहते तेही पाहावे. बूड आणि चुलीची कड यांमध्ये बोटभराहून अधिक फट असेल तर निम्मी आच बाजूने निसटते. ज्योतीचे टोक बुडाला हलके स्पर्श करील इतकेच अंतर योग्य. फार जवळ आणले तर ज्योत विझून बुडावर काजळीचा थर चढतो. धुरांड्यात झडप बसवलेली असेल तर ज्योत नीट धरल्यावर ती थोडी आवळावी, म्हणजे उष्णता भांड्याखाली रेंगाळते. पण ती पूर्ण कधीही बंद करू नये आणि निखारे असेपर्यंत तर मुळीच नाही.

एक गोष्ट आपण लिहिलेली नाही, पण मी पैज लावायला तयार आहे की आपल्या स्वयंपाकघरात एक्झॉस्ट फॅन आहे. नव्या घरांत सरकत्या खिडक्या घट्ट बसतात, थंडीत त्या बंद असतात आणि धूर दिसला की माणूस पंखा लावतो. पंखा खोलीतली हवा बाहेर फेकतो, आत हवा यायला दुसरी वाट नसते, म्हणून ती सर्वांत सोप्या वाटेने, म्हणजे धुरांड्यातून खाली येते आणि धूर बरोबर घेऊन येते. भूगावच्या एका घरात मी दोनदा धुरांडे उतरवून साफ केले, तरी धूर कायम होता. तिसऱ्या खेपेस घरातल्या आजी म्हणाल्या, ‘अरे, ते भिरभिरं बंद कर आधी,’ आणि पंखा बंद करून खिडकी चार बोटे उघडताच चूल सुरळीत चालू लागली. मी त्या दिवसाचे पैसे घेतले नाहीत. आपणही चूल पेटती असताना पंखा बंद ठेवावा आणि चुलीच्या बाजूची एक खिडकी उघडी ठेवावी. भिंतीत खालच्या बाजूला कायमची झरोक्यासारखी वाट ठेवता आली तर उत्तमच.

धुरांड्याविषयी जरा सविस्तर सांगितले पाहिजे, कारण घर जळते ते बहुधा इथून. पत्र्याचे एकेरी धुरांडे छपरातून जाताना लाकडी वासे, माळ्याचे फळे, प्लॅस्टिकचे छत यांपासून निदान दीड फूट दूर असावे. रोज तापणारे लाकूड वर्षानुवर्षे हळूहळू कोळशासारखे होत जाते आणि मग सुरुवातीला ज्या तापमानाला ते पेटले नसते त्याहून कमी तापमानाला पेट घेते. म्हणून ‘पाच वर्षे काही झाले नाही’ हा युक्तिवाद येथे चालत नाही. अंतर ठेवणे शक्य नसेल तर मध्ये हवा खेळेल असे दुहेरी पत्र्याचे कवच करून घ्यावे. बाहेर धुरांडे छपरावर निदान तीन फूट निघावे आणि दहा फुटांच्या परिसरात जे काही उंच असेल, कौलारू आढे असो की पाण्याची टाकी, त्याच्यापेक्षा दोन फूट वर जावे. नाहीतर वारा आढ्यावरून उलटून सरळ नळीत शिरतो. डोंगराच्या बाजूने येणाऱ्या वाऱ्यात ही चूक लगेच दिसते. टोपी अवश्य असावी, पण तिच्यात आणि नळीच्या तोंडात पुरेशी मोकळी जागा ठेवून. जुन्या घरांत ॲस्बेस्टॉस सिमेंटचे पाइप अजूनही आढळतात. ते स्वतः कापू, घासू किंवा फोडू नयेत, त्यांचा धुरळा फुप्फुसांना घातक असतो.

ओघळणाऱ्या काळ्या पाण्यासाठी सांधा उलटा बसवलेला आहे का तेही तपासावे. वरच्या नळीचे टोक खालच्या नळीच्या आत गेले पाहिजे, म्हणजे आतले पाणी आतच खाली उतरते. आपल्याकडे बहुधा वरची नळी खालच्यावर बाहेरून चढवलेली असेल. बाहेरच्या थंड हवेत गेलेला लांब नळीचा भाग लवकर गार होतो आणि डांबर तिथेच धरते. आतल्या काजळीचा थर तीन मिलिमीटरपर्यंत आला की धुरांडे साफ केलेच पाहिजे, आणि थर चकचकीत, काचेसारखा दिसत असेल तर त्याहून आधी. गावाकडची रीत आजही चांगली आहे: सुतळीच्या पोत्याचा घट्ट गोळा करून त्यात दगड गुंडाळावा, दोन्हीकडे दोर बांधावा आणि एकाने छपरावरून, दुसऱ्याने खालच्या साफसफाईच्या तोंडातून आळीपाळीने ओढावा. तोंडाला रुमाल आणि डोळ्यांवर चष्मा हवा. रोज चूल पेटत असेल तर हंगामात दोनदा, म्हणजे दिवाळीच्या सुमारास आणि संक्रांतीनंतर, हे करावे.

धुरांड्यातच आग लागली तर रेल्वे जावी तसा घरघराट ऐकू येतो आणि नळी लाल होते. अशा वेळी चुलीचे तोंड आणि वैल झाकून हवा तोडावी, माणसांना बाहेर काढावे आणि १०१ वर फोन करावा. तापलेल्या नळीवर पाणी ओतू नये, ती तडकते आणि वाफेने भाजते.

बंबाकडे येतो. पुण्यात कसब्यातल्या तांबट आळीने घडवलेले बंब तीन-तीन पिढ्या चालले आहेत, आणि आपला बंब शाबूत असेल तर तो चुलीपेक्षाही कमी सरपणात काम करतो, कारण मधल्या नळीच्या चारही बाजूंनी पाणी असते. हिशेब करून पाहा: वीस लिटर पाणी वीस अंशांवरून पंचेचाळीस अंशांवर नेण्यास सुमारे २.१ मेगाज्यूल लागतात. सुके लाकूड आणि चाळीस टक्के कार्यक्षमता धरली तर हे साडेतीनशे ग्रॅम लाकडात होते. ओले, धुमसणारे लाकूड आणि वीस टक्के धरली तर एक किलो तीनशे ग्रॅम लागते. एका बादलीमागे जवळजवळ चौपट! चार माणसांच्या घरात सरपण कुठे जाते याचे उत्तर बहुधा चुलीत नसून इथे असते.

मात्र बंब बंद न्हाणीघरात पेटवू नये. गॅस गिझरमुळे न्हाणीघरात गुदमरल्याच्या बातम्या आपण वाचतो; बंबातून निघणारा वायू तोच आहे. तो पडवीत किंवा मागच्या अंगणात ठेवावा आणि पाणी बादलीने आत न्यावे. काडी लावण्याआधी पाण्याची पातळी पाहावी, कारण कोरडा तापलेला बंब सांध्यात सुटतो. पाणी ओतण्याचे तोंड कधीही बुचाने बंद करू नये आणि बंबाला नळजोड देऊन झडप बसवण्याची कल्पना कुणी प्लंबरने मांडली तर त्याला चहा पाजून परत पाठवावे. वाफेला बाहेर पडायला वाट नसलेला बंब हा बॉम्बच.

शहरातल्या सदनिकेच्या गॅलरीत असली चूल ठेवू का, असे आपल्या मेहुण्यांनी विचारल्याचे आपण लिहिले आहे. हायवेवरच्या ‘चुलीवरची’ या पाट्या पाहून हा मोह अनेकांना होतो, पण माझे उत्तर नकारार्थी आहे. पुण्याभोवती टेकड्या आहेत, हिवाळ्यात पहाटे थंड हवा तळाशी साचून राहते आणि धूर वर न जाता वरच्या मजल्यावरच्या दम्याच्या रुग्णाच्या खिडकीत जातो.

राहिली राख. वरून पांढरी आणि थंड दिसणाऱ्या राखेत निखारा चोवीस तासांहून अधिक जिवंत राहतो. ती प्लॅस्टिकच्या बादलीत किंवा कचऱ्याच्या डब्यात न टाकता झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात भरून, डबा फरशीवर आणि सरपणापासून दूर, दोन दिवस ठेवावा आणि डबा बाहेरून गार लागला तरच राख पुढे द्यावी. घंटागाडीत पेटलेली राख गेली तर ती वेचणाऱ्या बाईंच्या हातावर जाते. भांडी घासायला राख उत्तम. झाडांना घालताना हात आखडता ठेवावा: राख अल्कधर्मी असते आणि आपल्याकडची काळी माती मुळातच त्या बाजूची, त्यामुळे दर आठवड्याला आळ्यात राख ओतली की पाने पिवळी पडू लागतात. आपल्या आवारात आंब्याखाली राख टाकतात असे आपण लिहिले आहे. ती वर्षातून एक-दोन ओंजळी पुरे.